दगड अडवणारी जाळी: ती वाकते म्हणूनच आपण वाचतो

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

पावसाळा आला की घाटात जायचे प्लॅन ठरतात आणि त्याच आठवड्यात दरड कोसळल्याच्या बातम्याही येतात. म्हणून आजचा विषय आहे डोंगरउतारावर दिसणाऱ्या स्टीलच्या जाळ्यांचा. त्या जाळ्या टनावारी वजनाचा दगड अडवतात कशा, आणि कधी अडवू शकत नाहीत, हे आज नीट समजून घेऊ.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो व्हिडिओ पाहिला असेल. ४ जुलै २०२३, नागालँड, दिमापूर-कोहिमा महामार्गावर चुमौकेदिमाजवळ गाड्या रांगेत उभ्या आहेत. मागच्या गाडीतला डॅशकॅम चालू आहे. डोंगरावरून भलामोठा धोंडा गडगडत येतो आणि काही सेकंदांत पुढच्या मोटारींचा चेंदामेंदा होतो. त्यात दोघांचा जीव गेला. त्याआधी, २५ जुलै २०२१ ला, हिमाचलमधल्या सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ असंच झालं होतं. तिथले दगड उड्या मारत खाली आले, एक पूल मोडला आणि नऊ पर्यटक दगावले.

असे व्हिडिओ पाहिले की एक प्रश्न पडतोच. या धोंड्यासमोर तारेची जाळी काय टिकणार? काँक्रीटची जाडजूड भिंत नको का?

उत्तर थोडं उलटं आहे. पण त्याआधी एक शब्द साफ करून घेऊ.

दरड म्हणजे नेमकं काय पडतं?

मराठीत आपण सगळ्याला ‘दरड कोसळली’ म्हणतो. बातमीतही तेच लिहिलेलं असतं. पण यात किमान दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे कड्यावरून सुटलेला दगड, किंवा काही दगड. ते घरंगळतात, आपटतात, उसळी घेतात. दुसरी म्हणजे पाण्याने भिजून अख्खा उतारच खाली सरकणं. त्यात माती, चिखल, झाडं, दगड सगळं एकत्र येतं. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत जे झालं ते हे दुसरं.

आज आपण बोलतोय ते फक्त पहिल्या प्रकाराबद्दल, सुट्या दगडांबद्दल. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

सह्याद्रीत सुटे दगड येतात कुठून? आपला डोंगर बेसाल्टच्या थरांवर थर रचून झालाय. काही थर टणक, काही सच्छिद्र आणि मऊ, मधेमधे लाल मातीसारखा एखादा पट्टा. पाऊस मऊ थर आधी खातो. वरचा टणक थर मग छज्जासारखा अधांतरी राहतो. त्याच्यात उभ्या भेगा असतातच. भेगेत पाणी साचतं, झाडाची मुळं शिरतात आणि एका दिवशी तो तुकडा सुटतो. रस्त्यासाठी किंवा रेल्वेसाठी डोंगर उभा कापला असेल तर हे सगळं आणखी सोपं होतं.

थोडा हिशोब, घाबरू नका

दगड किती घातक आहे हे त्याच्या वजनावरून ठरत नाही, ऊर्जेवरून ठरतं. शाळेतलं सूत्र आठवतंय? अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. म्हणजे वजन दुप्पट झालं तर ऊर्जा दुप्पट, पण वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट.

एक उदाहरण घेऊ, हेच शेवटपर्यंत वापरणार आहोत. ३.२ टनांचा बेसाल्टचा धोंडा. ऐकायला मोठा वाटतो, पण आकाराने तो जेमतेम एक घनमीटरच्या वर आहे. घरातल्या वॉशिंग मशीनच्या तिप्पट-चौपट समजा. तो ३२ मीटर, म्हणजे साधारण दहा मजले, सरळ खाली पडला तर त्याचा वेग होतो सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. ऊर्जा किती? बरोबर १,००० किलोजूल.

हा आकडा डोक्यात बसवायचा तर असं बघा: दोन टनांची एसयूव्ही ताशी ११४ च्या वेगाने धावत असेल तर तिच्यात एवढी ऊर्जा असते. फरक इतकाच की एसयूव्हीला ब्रेक आहेत आणि धोंड्याला नाहीत. त्याचे ब्रेक आपल्याला बाहेरून पुरवावे लागतात.

मग भिंत का नाही?

क्रिकेट खेळणाऱ्याला हे समजावायची गरज नाही. सीझन बॉलचा कॅच घेताना हात ताठ ठेवले तर बोटं सुजतात. हात चेंडूबरोबर मागे नेले तर काही होत नाही. चेंडू तोच, वेगही तोच. बदललं ते फक्त थांबायचं अंतर.

हेच गणितात बघा. थांबवायला लागणारं सरासरी बल म्हणजे ऊर्जा भागिले अंतर. आपला १,००० किलोजूलचा धोंडा ताठ भिंतीवर आदळला आणि १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बल होतं १०,००० किलोन्यूटन. म्हणजे हजार टन वजन ठेवल्यासारखं, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळात. आता तोच धोंडा ५ मीटर अंतरात थांबवा. बल होतं २०० किलोन्यूटन, म्हणजे साधारण २० टन. पन्नासपट कमी! आणि थांबायला वेळ मिळतो साधारण ०.४ सेकंद.

हे सरासरीचे आकडे आहेत, प्रत्यक्षात मधल्या एखाद्या क्षणी बल याच्यापेक्षा बरंच वर जातं. पण मुद्दा तोच राहतो. २० टन ओढ सहन करणारे वायर रोप आणि खडकात रुतवलेले अँकर बनवता येतात. हजार टनांचा ठोसा पचवणारी भिंत प्रत्येक वळणावर बांधणं परवडत नाही, आणि उभ्या कड्यावर ती बांधायला जागाही नसते.

म्हणजे ‘मजबूत’ या शब्दाचा अर्थच इथे बदलतो. जाळीचं काम ताठ उभं राहणं नाही. ठरवलेल्या पद्धतीने, ठरवलेल्या मर्यादेत वाकत जाणं हे तिचं काम आहे.

पण ट्रॅम्पोलिन नको

इथे एक बारीक गोष्ट आहे. जाळी नुसती लवचिक, रबरासारखी असती तर काय झालं असतं? धोंडा आत गेला असता, जाळी ताणली असती आणि मग तिने त्याला परत भिरकावलं असतं. ऊर्जा साठवून परत द्यायची नाहीये आपल्याला, ती संपवायची आहे.

स्टील एका मर्यादेपर्यंत ताणलं की सोडल्यावर मूळ जागी येतं. त्या मर्यादेपलीकडे गेलं की ते कायमचं वाकतं, आणि ते वाकवायला जी ऊर्जा लागते ती उष्णतेत जाते, परत येत नाही. मोटारीचं बॉनेट अपघातात चुरगळतं ते याच हिशोबाने. बॉनेट जातं, आतला माणूस वाचतो.

जाळीच्या आत काय काय असतं

लांबून ती नुसती जाळी दिसते, पण खरं तर ती एक साखळी आहे. धोंड्याच्या बाजूने सुरुवात करू.

पहिली, जाळी. मोठ्या ऊर्जेसाठी बऱ्याचदा कड्यांची जाळी वापरतात. चिलखत पाहिलंय ना संग्रहालयात? तसंच, फक्त कड्या फूटभर व्यासाच्या. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली. एक कडी म्हणजे ३ मिलिमीटरच्या तारेचे ७ ते १९ वेढे. ही तार साधी नसते. बांधकामातल्या साध्या लोखंडाच्या तिप्पट-चौपट ताण ती सहन करते. अशा कड्यांच्या जाळ्या मुळात समुद्रात, पाणबुड्या अडवायला वापरल्या जात. डोंगरावर त्या नंतर आल्या. धोंडा आदळला की गोल कड्या ताणून चौकोनी होतात, आणि त्या वाकण्यात ऊर्जा खर्च होते. कड्यांमधून छोटे दगड निसटू नयेत म्हणून वरून एक बारीक जाळीही लावतात.

दुसरी गोष्ट, वायर रोप. जाळी वरच्या आणि खालच्या रोपवर ओवलेली असते, पडद्याच्या कड्या दांडीवर असतात तशी. धोंडा मधे आदळला की दोन्ही बाजूंची जाळी सरकत मधे येते. म्हणजे मार फक्त तेवढ्याच जागेला बसत नाही, शेजारच्या भागालाही कामाला लावलं जातं.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात हुशार गोष्ट, ब्रेक. रोपच्या टोकाशी एक उपकरण असतं. त्याचे प्रकार बरेच आहेत, पण एक समजायला सोपा आहे: स्टीलच्या नळीची मोठी बांगडी, आतून रोप गेलेला, आणि नळीची टोकं एका पट्टीने घट्ट आवळलेली. रोपवर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ओढ आली की बांगडी घासत घासत लहान होत जाते आणि रोप थोडा थोडा सुटतो. घर्षण आणि नळीचं वाकणं, दोन्हीत ऊर्जा जाते. एकूण ऊर्जेचा मोठा वाटा हे ब्रेकच खातात. शिवाय रोपवरची ओढ एका पातळीच्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे रोप तुटत नाही आणि अँकर उपटत नाही. घरातला फ्यूज कसा आधी स्वतः जळतो आणि वायरिंग वाचवतो, त्याच जातीचा विचार.

चौथी गोष्ट, खांब. आपल्याला वाटतं खांब धोंडा अडवतो. नाही. खांबाचं काम फक्त जाळी उभी धरायचं. कित्येक डिझाइनमध्ये त्याच्या पायाशी चक्क बिजागरी असते, म्हणजे तो झुकू शकतो पण पायाला मोडायचा ताण देत नाही. त्याला वरच्या, डोंगराच्या बाजूने रोपने धरून ठेवलेलं असतं.

शेवटी अँकर: खडकात खोल भोक पाडून, सिमेंटचं ग्राउट भरून रुतवलेले गज किंवा रोप. सगळी ओढ शेवटी डोंगरातच जाते. इथला खडकच खराब असेल तर वरचं सगळं महागडं सामान वाया.

खरंच टिकते हे कळतं कसं?

कागदावर कुणीही म्हणेल ‘आमची जाळी भारी’. म्हणून ती खरोखर धोंडा टाकून तपासतात. स्वित्झर्लंडने यासाठी २००१ मध्ये नियमावली आणली आणि २००८ मध्ये युरोपभरासाठी ईटॅग ०२७ नावाची नियमावली आली. आता तिची जागा नव्या दस्तऐवजाने घेतली आहे, पण मूळ पद्धत तीच आहे.

तीन गाळ्यांचं बॅरियर उभं करतात. काँक्रीटचा कोपरे छाटलेला ठोकळा मधल्या गाळ्यात सोडतात, आदळताना वेग सेकंदाला किमान २५ मीटर हवा. बघा, आपल्या उदाहरणातलाच वेग!

यात दोन परीक्षा आहेत. पहिलीत बॅरियरच्या कमाल क्षमतेच्या एक तृतीयांश ऊर्जेचे दोन फटके, मधे कसलीही दुरुस्ती न करता. पहिल्या फटक्यानंतर जाळीची उंची किमान ७० टक्के उरली पाहिजे, आणि दुसऱ्या वेळीही ठोकळा थांबला पाहिजे. का? कारण डोंगर एक दगड टाकून दुरुस्तीपथकाची वाट बघत नाही. दुसरी परीक्षा एकाच, पूर्ण क्षमतेच्या फटक्याची. ठोकळा थांबला पाहिजे, आणि जाळी किती मीटर पुढे आली, उंची किती उरली हे मोजतात. निम्म्याहून जास्त उंची उरली तर वरचा वर्ग.

१०० किलोजूलपासून ४,५०० आणि त्याच्याही वर, असे ऊर्जेचे वर्ग आहेत. पण गंमत बघा: १,००० किलोजूलचं बॅरियर म्हणजे ‘कितीही वेळा १,०००’ असं नव्हे. पूर्ण क्षमतेचा फटका ते एकदा झेलतं. त्यानंतर दुरुस्ती हवीच.

कुठे लावायची, किती उंच?

आता माझ्या कामाच्या जवळचा भाग, कारण इथे सॉफ्टवेअर येतं. डोंगराचा त्रिमितीय नकाशा घेतात, त्यावर कुठे खडक, कुठे माती, कुठे झाडी हे भरतात, आणि संगणकावर हजारो दगड सोडतात. प्रत्येकाचा आकार, सुरुवातीची जागा, उसळी थोडी थोडी वेगळी. कडक खडकावर दगड उंच उसळतो, भुसभुशीत मातीत दबतो. शेवटी चित्र मिळतं: या रेषेवर बहुतेक दगड किती उंचीवरून आणि किती ऊर्जेने जातील. त्यावरून बॅरियरची उंची आणि वर्ग ठरतो.

यात तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, उंची. जाळी भक्कम आहे, पण दगड वरूनच उडी मारून गेला तर तिचा उपयोग काय? दुसरी, अंतर. जाळी काही मीटर पुढे फुगणार हे गृहीत आहे. ती रस्त्याला अगदी चिकटून लावली तर धोंडा जाळीतच थांबेल, पण गाडीच्या टपावर येऊन थांबेल. तिसरी, छोटे पण वेगवान दगड. एकूण ऊर्जा कमी असूनही असा टोकदार दगड जाळीला गोळीसारखा भोसकू शकतो, कारण सगळा मार दोन-चार कड्यांवर येतो आणि ब्रेकना काम करायला वेळच मिळत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या घाटात दिसणाऱ्या सगळ्याच जाळ्या या प्रकारच्या नसतात. बऱ्याच ठिकाणी जाळी कड्याच्या अंगावरच, चादर पांघरल्यासारखी असते. तिचं काम वेगळं: दगड सुटू न देणं, किंवा सुटलाच तर त्याला वेग न घेऊ देता जाळीच्या आतून पायथ्याशी उतरवणं. मघापासून आपण बोलतोय ते बॅरियर उतारावर खांबांवर उभं असतं आणि सुटलेल्या दगडाची वाट बघतं.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर १९ जुलै २०१५ ला आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर घाटातले सुटे दगड काढणं आणि कड्यांना जाळ्या बसवणं हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. कोकण रेल्वेने तर याची किंमत आधीच मोजली होती: २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरून पन्नासच्या वर लोक गेले, आणि पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, रुळांवर गस्त असते. म्हणजे जाळी लावली की काम संपलं असं तेही मानत नाहीत.

आणि हो, सुरुवातीचा फरक. माळीण किंवा इर्शाळवाडीसारखा अख्खा उतार सरकला तर हे बॅरियर काही करू शकत नाही. तिथे उत्तर असतं पाण्याचा निचरा, उताराचं निरीक्षण आणि वेळेवर स्थलांतर. ‘जाळी लावा’ ही मागणी प्रत्येक गावासाठी बरोबर नसते.

मग आपण काय बघायचं?

हा भाग करायचं खरं कारण हे आहे. जाळीत धोंडा अडकलाय, खांब वाकलाय, बांगड्या आकसल्यात, असा फोटो टाकून लोक खाली लिहितात, ‘बघा, निकृष्ट काम’. तसं असेलही. पण धोंडा रस्त्यावर आलेला नसेल तर त्या जाळीने आपलं काम केलंय. तक्रार करायची तर ती वाकल्याची नको. ती तशीच किती दिवस राहिली, याची करा.

उलट, वरवर नीटनेटकी दिसणारी जाळी धोकादायक असू शकते. तिच्या पोटात दगड-माती साचून ती आधीच ताणली गेली असेल तर पुढच्या धोंड्यासाठी अंतर उरलेलंच नाही. आपलं गणित आठवा, अंतर कमी झालं की बल वाढतं. ब्रेक आधीच वापरले गेलेत, वायर गंजलीये, झुडपं वाढलीयेत, अँकरजवळची माती वाहून गेलीये, या खऱ्या तक्रारी आहेत.

असं काही दिसलं तर रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड किंवा पाटी बघून ठेवा आणि महामार्गाच्या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना जागा नेमकी सांगा. चालकाने फोन हातात घेऊ नका, शेजारच्याला सांगा. फोटो काढायला जाळीखाली गाडी थांबवू नका. घाटात धबधबा बघायला उभ्या कड्याखाली थांबणं तर पावसात टाळाच. वरून बारीक खडे पडायला लागले तर ती सूचना समजा आणि तिथून निघा.

तुमच्या रोजच्या रस्त्यावर अशी जाळी असेल तर ती अंगावर पांघरलेली आहे की खांबांवर उभी, आणि पोट रिकामं आहे की भरलेलं, हे येत्या पावसात बघा आणि मला कळवा. एखाद्या पुढच्या भागात दरडीचा इशारा देणाऱ्या सेन्सरबद्दल बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा, भेटू!